पेवातली चंद्रकांता

‘‘आमच्या वेळचा टीव्ही काय सुंदर असायचा म्हणून सांगू!’’ हे वाक्य मी घरात इतक्या वेळा उच्चारलेलं आहे, की हल्ली मी नुसतं ‘आमच्या वे...’ म्हटलं तरी उरलेलं वाक्य माझी मुलगी हातवाऱ्यांसकट पुरं करते. एकदा मात्र तिनं ते पुरं केलं नाही. ‘‘दाखव की मग,’’ म्हणाली.

हे ‘दाखव’ फार वाईट. आमच्या आजोबांच्या पिढीला हा त्रास नव्हता. ‘गंधर्वांचं नाटक बघायला पाहिजे होतंस’ असं ते म्हणायचे आणि आम्ही मान खाली घालून ऐकायचो. नाटकाचा पडदा पडला की पुरावा नष्ट! आमच्या पिढीचं दुर्दैव असं, की आमचं सगळं बालपण कुणीतरी मोबाइलवर आणून ठेवलेलं आहे. मी तिला ‘चंद्रकांता’ लावून दिली. सुरुवातीचं गाणं चालू झालं. तिनं शांतपणे विचारलं, ‘‘हे पुढे ढकलता येत नाही?’’

आमच्या वेळी काहीही पुढे ढकलता यायचं नाही. फार तर पुढे बसलेल्या मुलाला ढकलता यायचं.

तीन मिनिटांत ती उठून गेली. तिच्या पाठीला उद्देशून मी म्हणालो, ‘‘अगं, पेवातला प्रसंग तरी बघ!’’ कारण माझ्या मते भारतीय टीव्हीवरचा आजवरचा सर्वोत्कृष्ट प्रसंग तोच. क्रूरसिंगाचे शिपाई मागे लागलेत, राजपुत्र वीरेंद्रसिंग हळदीच्या पेवात उतरून दडून बसलाय, वरून भाला खाली येतोय, आणि तो ओंजळ भरून हळद वर भिरकावतो. सगळा पडदा पिवळा होतो आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून घोडा बाहेर पडतो. अहाहा! ज्याला हा प्रसंग ठाऊक नाही त्याच्याशी कलेबद्दल काय बोलायचं?

तेव्हा मी ठरवलं, की नुसत्या आठवणी पुरेत. आता आपण रीतसर समीक्षाच लिहायची. समीक्षेचा शिरस्ता असा, की आधी पार्श्वभूमी सांगायची, मग आस्वाद घ्यायचा आणि वाचक दमला की मूल्यमापन उरकायचं.

पार्श्वभूमी अशी : सांगली, गावभाग, साल १९९४. वाड्यात बिऱ्हाडं सात आणि टीव्ही एक. तो मालकांचा. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. देवघराची दारं उघडावीत तसं मालककाका रविवारी सकाळी ते शटर उघडायचे. त्याआधी त्यांचा मोठा मुलगा कौलांवर चढून अँटेना फिरवायचा. दिशा सांगायला उत्तर, दक्षिण असले पुस्तकी शब्द कुणी वापरत नसे. ‘‘थोडी मिरजेकडे घे! ... जास्त झाली, हरिपूरकडे ये! ... हां हां, तिथंच! माधवनगरकडे नको जाऊस, माणसं दोन-दोन दिसायला लागली!’’ असा तो कारभार. मुलगा कौलांवर असेपर्यंत चित्र स्वच्छ असायचं. तो उतरून आत आला की मुंग्या. त्यामुळे त्या बिचाऱ्याचं बरंचसं टीव्ही पाहणं ‘‘दिसतंय काऽऽ?’’ एवढ्या प्रश्नातच आटोपलं.

बसण्याची व्यवस्था मात्र नाट्यगृहासारखी काटेकोर होती, आणि ते साहजिकच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला तो आमच्याच गावात. तेव्हापासून सांगली ही नाट्यपंढरी आणि प्रत्येक सांगलीकर हा जन्मजात समीक्षक. छत्री न्यावी तशी तो टीका घरूनच घेऊन निघतो. लागली तर उघडायची. तर पहिल्या रांगेत, सतरंजीवर, मालकांची नातवंडं. दुसऱ्या रांगेत भाडेकरूंची मुलं. त्यातही ज्यांचं भाडं वेळेवर, ती मधोमध. आमचं भाडं कायम एक महिना मागे असल्यामुळे माझी जागा दाराशी, चपलांच्या सान्निध्यात. आणि माझ्या शेजारी, उंबऱ्यालगत पाटावर, ‘मागच्या आजी’ बसायच्या.

परसातल्या मागच्या खोलीत राहायच्या म्हणून मागच्या आजी. एकट्याच होत्या. मेतकूट आणि भाजणी करून विकायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ‘अजून पिकला नाही’ असं सांगितलेलं. म्हणजे आंब्यासारखा तो आढीत घालून त्या वाट पाहत बसलेल्या. पडद्यावर उजेड हलतोय एवढं त्यांना समजायचं, आणि हिंदी म्हणाल तर त्याहून कमी.

‘‘काय रे झालं आता?’’ आजी हळूच विचारायच्या.

‘‘घोडा आला, आजी.’’

‘‘कुणाचा?’’

‘‘वीरेंद्रसिंगाचा.’’

‘‘मग ती बाई का रडते?’’

‘‘ती दुसरी. ती आनंदानं रडते.’’

अशा रीतीनं वयाच्या दहाव्या वर्षी मी धावतं समालोचन करू लागलो. नीरजा गुलेरींची ‘चंद्रकांता’ म्हणजे देवकीनंदन खत्रींच्या १८८८ सालच्या हिंदी कादंबरीवरची मालिका. नौगढ आणि विजयगढ, वेषांतर करणारे ऐयार आणि कुणाला बाहेर पडता येऊ नये असं जादूचं तिलिस्म. आता ‘तिलिस्म’ आजींना कसं समजवायचं? मी म्हटलं, ‘‘आजी, पेव असतं ना हरिपूरला, तसं.’’ आजींना लख्ख समजलं. सांगलीच्या माणसाला पेव सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो : हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली ती कोठी, वर तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत पोट मोठं. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही. आधी हवा खेळू द्यायची, नाहीतर उतरलेला माणूस वर यायचा नाही. खत्रींच्या तिलिस्मात याहून वेगळं काय होतं?

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता आस्वाद.

‘चंद्रकांता’तलं खरं रत्न म्हणजे क्रूरसिंग. अखिलेंद्र मिश्रांनी तो उभा केला होता. भुवया कपाळावर चढलेल्या, आणि दर दोन वाक्यांनंतर ‘यक्कू!’ आमच्या शाळेत महिनाभर हजेरीला कुणी ‘हजर’ म्हणत नव्हतं, सगळे ‘यक्कू’ म्हणायचे. पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी या अभिनयाला भडक म्हटलं असेल. म्हणोत. भाव्यांच्या नाटकातली राक्षसपार्टी राळेचा भपकारा उडवून ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत यायची, तेव्हापासून आमच्या गावाला ठाऊक आहे, की राक्षसानं राक्षसासारखंच आलं पाहिजे. क्रूरसिंग हा आमच्या दृष्टीनं घरचाच मुलगा. आजी तर त्याचा आवाज आला की पदर सावरून बसायच्या. ‘‘आला गं बाई मेला,’’ असं म्हणताना त्यांचा चेहरा माहेरचं माणूस आल्यासारखा व्हायचा.

आजींचा कान तिखट होता. ‘जंगल बुक’ चालू होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची कथा, जपान्यांनी काढलेली चित्रं, गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांची चाल. एवढी सगळी जुळवाजुळव आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक? शेरखान पहिल्यांदा बोलला आणि आजी म्हणाल्या, ‘‘हा वाघ मराठी माणूस आहे रे.’’ सगळी खोली हसली. हिंदी बोलणारा वाघ मराठी कसा असेल? पुढे कळलं, की शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा! ज्यांना दिसत होतं त्यांच्यापैकी एकालाही हे ओळखू आलं नव्हतं.

‘सुरभि’ आजींना सर्वांत प्रिय. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे शेजारी बसून बोलावं तसं बोलायचे, त्यामुळे मला समालोचनाचं काम कमी. आम्हा मुलांना मात्र त्यातलं फक्त बक्षिसाचं कोडं आवडायचं. लोकांनी त्या कार्यक्रमाला इतकी पोस्टकार्डं पाठवली, की पुढे टपाल खात्यानं अशा स्पर्धांसाठी वेगळं, महागडं पोस्टकार्ड काढलं. आमच्या वाड्याचं बक्षीस कधी लागलं नाही. उत्तर चुकलेलं असायचं हे त्याचं एक कारण.

व्हिडिओ गेमचा आस्वाद मात्र आजींना देता देता माझी पुरेवाट झाली. शाळेच्या वाटेवर एका दुकानाच्या मागच्या खोलीत दोन रुपयांना अर्धा तास खेळायला मिळायचं. कॅसेटवर ‘९९९ खेळ’ असं छापलेलं; खरे खेळ सात-आठ, बाकीचे तेच, नाव बदलून. (पुढे चॅनेलवाल्यांनी मालिका काढल्या त्या हीच कॅसेट डोळ्यांपुढे ठेवून, असा माझा संशय आहे.) त्यात ‘कॉन्ट्रा’ होता. निळ्या विजारीचा एक, लाल विजारीचा एक, दोघे उघडे, आणि समोरून येईल त्याला गोळी घालायची.

‘‘का घालतात?’’ आजींनी विचारलं.

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ‘‘आजी, ते दोघे भाऊ आहेत. त्यांची जमीन बळकावली आहे,’’ मी ठोकून दिलं. त्याबरोबर आजी एकदम त्यांच्या पक्षात गेल्या. मग मी त्यांना गुपित सांगितलं : वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए, एवढं दाबलं की तीनाऐवजी तीस जीव मिळतात. हाशिमोतो नावाच्या एका जपानी गृहस्थांनी १९८६ साली ‘ग्रॅडियस’ नावाच्या खेळात ही युक्ती घातली, कारण स्वतःच तयार केलेला खेळ त्यांना स्वतःलाच झेपेना. लेखकाला स्वतःचं पुस्तक वाचवत नाही म्हणून त्यानं सारांश जोडावा, तसलाच प्रकार. आजी क्षणभर विचार करून म्हणाल्या, ‘‘तीस जन्म? चौऱ्याऐंशी लक्षांतले? मग सुटका कधी रे त्या पोरांची?’’

याच कॅसेटमध्ये बदकं मारायचा खेळ होता. बदक पडलं तर एक कुत्रा ते उचलून दाखवायचा आणि नेम चुकला की गवतातून डोकं वर काढून फिदीफिदी हसायचा. समीक्षक म्हणजे काय हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं ते त्या कुत्र्यामुळे. स्वतः बंदूक हातात धरायची नाही, दुसऱ्याचा नेम चुकला की हसायला मात्र हजर. आज ही समीक्षा लिहिताना तो कुत्रा माझ्या टेबलाखाली बसलाय असा मला भास होतो.

तर आता मूल्यमापन.

२०२० साली टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’, ‘महाभारत’, ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवायला काढलं आणि घरात कोंडलेल्या माझ्यासारख्यांचं बालपण उसळून आलं. मी सगळ्याच जुन्या मालिका शोधून शोधून पाहिल्या. इमानानं सांगतो, फार वाईट वाटलं. ‘शक्तिमान’ १९९७ साली आला तेव्हा त्याच्या गिरक्यांनी आमचे श्वास रोखले जायचे. आता वाटलं, की याला चक्कर कशी येत नाही? ‘चंद्रकांता’त तर एक जण बोलला, की समोरचे पाचही जण आळीपाळीनं दचकतात, आणि पाचव्याचं दचकणं संपेपर्यंत पहिल्याला आपण का दचकलो हे आठवत नसावं. उलट ज्या मालिकेला आम्ही जांभया दिल्या, ती बासू चॅटर्जींची १९९३ची ‘ब्योमकेश बक्षी’! रजित कपूर धोतर सावरत शांतपणे विचार करतोय, कुणी ओरडत नाही, कुणी दचकत नाही. आजही ती ताठ उभी आहे. म्हणजे दहाव्या वर्षी आम्ही जे डोक्यावर घेतलं ते पडलं आणि जे चालू असताना शेंगा फोडत बसलो ते टिकलं. पिढीच्या पिढी समीक्षक म्हणून नापास!

पण मी धीर सोडला नाही. माझ्याजवळ हुकमाचा एक्का होता : पेवातला प्रसंग. तो एक सापडला की मुलीला बोलावून समोर बसवायचं आणि सगळ्या दचकण्यांची भरपाई करायची. मी शोधायला लागलो. पाच रात्री शोधलं. एवढ्या रात्री मी परीक्षेसाठीसुद्धा जागलो नव्हतो. क्रूरसिंग सापडला, घोडे सापडले, विषकन्या सापडल्या. पेव काही सापडेना. बायको म्हणाली, ‘‘काय शोधताय एवढं?’’ मी म्हटलं, ‘‘हळद.’’ तिनं स्वयंपाकघरातून डबा आणून दिला.

तो डबा हातात घेऊन बसलो असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पिवळा पडदा! तो धुरळा मला पिवळाधमक आठवत होता. घोड्याच्या आयाळीवर बसलेली हळदसुद्धा. आणि मालकांचा टीव्ही होता ब्लॅक अँड व्हाइट.

त्या टीव्हीवर पिवळं काही दिसणंच शक्य नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. ‘तिलिस्म’चं पेव मी केलं होतं. पेव आल्यावर त्यात हळद येणारच. आणि एकदा एका रविवारी ऐन वेळी वीज गेली, सगळे घरोघर पांगले, तेव्हा आजी अंधारात तशाच पाटावर बसून म्हणाल्या होत्या, ‘‘पुढचं सांग की. वीज त्यांची गेली, तुझी कुठं गेली?’’ त्या दिवशी वीरेंद्रसिंग पहिल्यांदा पेवात उतरला. पुढे जवळजवळ दर रविवारी उतरत राहिला. पडद्यावर नुसतंच दचकणं चालू असलं, की मी त्याला खाली सोडायचो.

१९९६च्या संक्रांतीनंतर आजींचा मोतीबिंदू एकदाचा पिकला. मिरजेला जाऊन ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा लावून आजी पुढच्या एका रविवारी येऊन बसल्या. माझ्या पोटात गोळा! आजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द न बोलता सगळा भाग पाहिला. शटर बंद झाल्यावर म्हणाल्या, ‘‘आज पेव नाही का रे आलं?’’

मी चपला शोधायला लागलो.

‘‘ते तू घालत होतास होय?’’

दोन वर्षं एका म्हाताऱ्या बाईला खोटं सांगितलं, आता ही आईला सांगणार, आई बाबांना सांगणार, या हिशेबानं मी रडायच्या बेतात आलो होतो. आजी मात्र काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या ‘‘हं’’ म्हणाल्या आणि मागे निघून गेल्या. आठवडाभर मी परसाकडे फिरकलो नाही.

पुढच्या रविवारी आजी पुन्हा त्याच पाटावर. गाणं सुरू झालं. आजींनी चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला, डबी टक् करून मिटली आणि माझ्याकडे कान करून म्हणाल्या, ‘‘हं, सांग.’’

‘‘आजी, तुम्हाला आता दिसतंय की.’’

‘‘बघितलं मागच्या वेळी,’’ आजी म्हणाल्या, ‘‘घोडे चांगले आहेत त्यांचे. पण हळद नाही.’’

एवढ्या कमी शब्दांत एवढी समीक्षा मी नंतर कुठंही वाचली नाही. मराठीतल्या थोर टीकाकारांची पुस्तकं चाळली. आशय, अभिव्यक्ती, आकृतिबंध सगळं भेटलं. ‘हळद नाही’ असं कुणी लिहिलेलं नाही. आणि हे वाचायला शिकायला मला पंचवीस वर्षं लागली, कारण मधल्या काळात मी तो प्रसंग बिनदिक्कत नीरजाबाईंच्या नावावर जमा करून टाकला होता.

आता तो वाडा नाही. तिथं फ्लॅट आहेत आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये भिंतीएवढा टीव्ही आहे. ‘शक्तिमान’ आला त्याच सुमाराला आम्हीही हप्त्यानं रंगीत टीव्ही घेतला आणि मी उंबऱ्यावरून उठलो तो उठलोच. आजी गेल्या १९९९ साली. त्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना कोण सांगत होतं, ते मी कधी विचारलं नाही. हरिपूरची पेवंही २००५च्या महापुरानं बुजवली.

या समीक्षेचा निष्कर्ष काय, असं विचाराल तर नव्वदच्या दशकातला टीव्ही बराचसा सामान्य होता, हे कबूल. पण त्याच्यात जागा रिकाम्या पुष्कळ होत्या. मुंग्या यायच्या, वीज जायची, पाच जण दचकेपर्यंत मधे वेळ मिळायचा. तेवढ्या वेळात शेजारच्या माणसासाठी आपल्याला काहीतरी घालता यायचं. हल्लीच्या चित्रांत घालायला जागाच ठेवत नाहीत.

परवा रात्री इकडची वीज गेली. मुलीचा मोबाइल आधीच संपलेला. म्हणाली, ‘‘बाबा, ते तुझं पेवाचं काय होतं? सापडलं का?’’ मी म्हटलं, सापडलं. आणि सांगायला बसलो. शिपाई आले, भाला खाली आला, हळद वर गेली, सगळं पिवळं झालं. अंधारात ती अगदी गप्प होती.

‘‘पण मग त्या क्रूरसिंगाच्या डोळ्यांत हळद गेली. त्याला दिसायचं बंद झालं का?’’

‘‘थोडे दिवस,’’ मी म्हटलं. ‘‘मग मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं.’’

‘‘यक्कू!’’ ती म्हणाली.